बंपरला एवढी भोकं कशाला?

संपादक साहेब नमस्कार,

गाड्यांच्या लुकवर तुमच्याकडे छापून येतं पण गेममधल्या गाड्यांवर कुणीच लिहीत नाही म्हणून मीच लिहितोय. माझा भाचा कॉम्प्युटरवर स्वतःची कार कंपनी चालवतो, खोटी हो, महागड्या स्पोर्ट्स गाड्यांची. परवा घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा त्याने मोबाइलवर नवीन मॉडेल दाखवलं. साइडची लाइन एकदम झकास, हेडलाइटपासून निघून मागच्या चाकावर अलगद उचललेली, पण ग्रिल म्हणजे तोंड वासलेला मासा आणि बंपरला चार भोकं त्यातली दोन नुसतं काळं प्लास्टिक. अरे भोक पाडलंस तर हवा कुठंतरी जायला नको का, रेडिएटरला नाहीतर ब्रेकला? मागे डिफ्यूझर, म्हणजे गाडीखालची हवा नीट बाहेर काढणारा बंपरखालचा भाग, लावलाय आणि गाडी जमिनीपासून एवढी उंच की त्याचा उपयोग शून्य. मर्सिडीजने २०१३ मध्ये ग्रान तुरिस्मो ६ गेमसाठी खास गाडी काढली, तीपण स्क्रीनसाठीच, पण लांब बोनेट, मागे सरकवलेली केबिन, प्रपोर्शन बघत राहावं असं. हे सांगितलं तर म्हणतो, मामा, खाली केली तर आपल्या स्पीडब्रेकरला घासेल ना. आता गेममध्ये कुठला आला स्पीडब्रेकर!

एक वाचक, ठाणे पश्चिम