अठरावी अट

डॉइच-वाग्राम, ऑस्ट्रिया
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

पार्सल बुधवारी पोचलं. मेतकुटाची पिशवी वाटेत कुणीतरी फोडून पुन्हा चिकटवलेली होती, पण आत सगळं शाबूत. सोबतच्या तुमच्या चिठ्ठीत ओळी चार, त्यातल्या तीन पिस्तुलाबद्दल! मी पाठवलेल्या स्टेशनच्या फोटोत तुम्हाला नातू दिसला की नाही कोण जाणे, मागे उभ्या पोलिसाच्या कमरेचं पिस्तूल मात्र बरोबर दिसलं. "प्लास्टिकचं वाटतंय. हे पास कुणी केलं?" पोलीस मुख्यालयाचं शस्त्रागार सांभाळण्यात नोकरी गेलेला माणूस दुसरं काय विचारणार म्हणा. फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते, म्हणून लिहूनच कळवते.

प्लास्टिकचंच आहे. आणि ते आमच्याच गावचं आहे. डॉइच-वाग्राम म्हणजे व्हिएन्नाहून लोकलने थोडक्या वेळात येणारं लहानसं गाव. १८०९ साली नेपोलियन इथे लढला, १८३७ साली ऑस्ट्रियातली पहिली वाफेची आगगाडी इथवर आली, आणि नंतर बरीच वर्षं इथे फारसं काही घडलं नाही. मग ग्लॉक, म्हणजे त्या फोटोतल्या पिस्तुलाची कंपनी.

१९८० च्या सुमाराला इथल्या लष्कराकडे वाल्थर पी-३८ होती, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं पिस्तूल. ती बदलायचं ठरलं. गास्टोन ग्लॉक हा तेव्हा पन्नाशीचा गृहस्थ पडद्यांचे रॉड करायचा, लष्कराला सुरे आणि फावडी पुरवायचा. पिस्तूल त्याने जन्मात बनवलेलं नव्हतं. त्याने जाणकार मंडळी बोलावली आणि सरळ विचारलं, तुम्हाला पिस्तूल कसं हवंय? म्हणतात की सुरुवातीचे नमुने तो डाव्या हाताने उडवून बघायचा. फुटलंच तर आराखडे काढायला उजवा हात राहावा!

आता तुमच्या खात्याचं. लष्कराने सतरा अटी घातल्या होत्या. मी त्या वाचल्या तेव्हा तुमचीच आठवण आली, कारण निम्म्या अटी नेमबाजाच्या नव्हेतच, शस्त्रागाराच्या आहेत. सगळं पिस्तूल मिळून ५८ पेक्षा जास्त सुटे भाग नकोत, पी-३८ चे होते तेवढेच. खोलणं, जोडणं, साफ करणं, सगळं हत्याराशिवाय. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात कानस न लावता बसला पाहिजे. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा खाना, भरायला वेगळं साधन लागता कामा नये. पिस्तूल तयार करायचं ते एका हाताने, मग तो डावा असो की उजवा. दोन मीटरवरून पोलादी पत्र्यावर पडलं तरी गोळी सुटता कामा नये. पहिल्या १०,००० गोळ्यांत वीसपेक्षा जास्त वेळा अडकलं तर बाद, आणि बोटाने मोकळं होणारं किरकोळ अडकणंही त्यात धरायचं. गोळीची रिकामी पुंगळी बाहेर उडताना पिस्तूल चालवणाऱ्याला इजा नको. अचूक नेम कुणाचा, यावर एवढी शाई खर्च केलेली नाही. सरकारी पिस्तूल पदकं मिळवायला घ्यायचंच नसतं. ते वर्षातून दोनदा चांदमारीला जाणाऱ्या, बाकी दिवस कमरेला वागवून कंटाळलेल्या शिपायासाठी असतं.

या सगळ्याला ग्लॉकचं उत्तर काय, तर भागच कमी करा. तीस-पस्तीस भागांत त्याने काम भागवलं. वजन रिकामं असताना साधारण सव्वासहाशे ग्रॅम, आणि मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या. नावातले १७ मात्र गोळ्यांचे नव्हेत. हे त्याचं सतरावं पेटंट, म्हणून ग्लॉक १७, असं सांगतात. इथल्या लष्करात त्याला पी-८० म्हणतात.

प्लास्टिकबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार आहे, कारण तो माझ्या पोटापाण्याचा विषय. प्लास्टिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातली बादली येते. हे नायलॉनच्या जातीचं आहे. आमच्या कारखान्यात त्याच कुळातल्या मालाचे दातेरी चाकांचे भाग आम्ही साच्यात ओततो आणि ते वर्षानुवर्षं फिरतात. शिवाय ते फक्त खालच्या सांगाड्याला आणि मुठीला. नळी आणि वरची सरकती स्लाइड पोलादीच. प्लास्टिक गंजत नाही, थंडीत हाताला चटका देत नाही, आणि साच्यातून एकदा बरोबर आलं की लाखावं नगही पहिल्यासारखंच निघतं. कानस न लावता भाग बसण्याची अट इथेच निम्मी सुटते. आणि हो, ही कल्पना ग्लॉकला पहिल्यांदा सुचली असंही नाही. हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीने १९७० मध्येच प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल काढलं होतं. ते फारसं कुणी घेतलं नाही.

१९८२ मध्ये लष्कराने ग्लॉकचं पिस्तूल पसंत केलं. पहिली मागणी २५,००० ची. स्पर्धेत बेरेटा होती, सिग होती, हेकलर होती, आणि इथल्याच श्टायर गावची जुनी शस्त्रकंपनीही होती. ऐका, बेल्जियमची सुधारलेली ब्राउनिंग हाय-पॉवरसुद्धा होती. म्हणजे तुम्ही ज्याला तेल पाजत आयुष्य काढलंत त्या ईशापूर कारखान्याच्या नऊ एमएम पिस्तुलाची थोरली बहीण. ती हरली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. इंग्रजांच्या सैन्यानेही तिला २०१३ मध्येच निरोप दिला, आणि तिच्या जागी घेतलं ते हेच.

अमेरिकेचा किस्सा तर तुम्ही शेजारच्या काकांना वाचून दाखवा. तिथल्या सैन्याने नवं पिस्तूल घ्यायचं म्हणून जो कागद काढला तो ३६७ पानांचा. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मार्क मिली जाहीरपणे वैतागले, की चाचण्यांनाच दोन वर्षं आणि एक कोटी सत्तर लाख डॉलर लागणार असतील तर तेवढे पैसे मलाच द्या, मी दुकानातून घाऊक भावात सगळ्यांना घेऊन देतो. शेवटी २०१७ मध्ये सिगला कंत्राट मिळालं. ग्लॉकने तक्रार केली, ती फेटाळली गेली. दोघांच्या किमतीतला फरक दहा कोटी डॉलरच्या वर होता. म्हणजे एवढ्या पानांनंतरही बाजारच्या पिशवीचा हिशोब सुटला नाहीच.

एफबीआयचं आणखी मजेशीर. १९८६ मध्ये मियामीतल्या चकमकीत त्यांचे दोन जण गेले, आणि दोष आला नऊ एमएमच्या गोळीवर. मग मोठी दहा एमएम घेतली. तिचा धक्का बऱ्याच जणांना झेपेना, म्हणून ती सौम्य केली, मग तिचीच आखूड आवृत्ती पॉइंट फोर्टी आली, आणि तीस वर्षांनी स्वारी पुन्हा नऊ एमएमवर. गोळी केवढी हा प्रश्न कमरेला पट्टा लावणाऱ्याच्या मनगटाला आधी विचारायला हवा होता.

आता तुम्हाला खटकेल ते. या पिस्तुलाला बाहेरून सेफ्टीचा खटका नाही. चापावरच एक बारीक पट्टी आहे. बोट नीट चापावर ठेवून ओढलं तरच ती दबते, बाकी अटकाव आतमध्ये. घाबरलेल्या माणसाला आयत्या वेळी खटका आठवत नाही हे खरंच, म्हणून ते पटतं. न्यूयॉर्क पोलिसांना मात्र पटलं नव्हतं. रिव्हॉल्व्हरची सवय असलेल्या हातांकडून चुकून गोळी सुटेल म्हणून त्यांनी चाप मुद्दाम जड करून घेतला.

पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं. हे पिस्तूल साफ करायला खोलायचं तर आधी चाप ओढावा लागतो, रिकामा. आणि नळीत एखादी गोळी राहून गेली असेल तर? मी शाळेत असताना तुम्ही एका संध्याकाळी उशिरा आला होतात. शस्त्र जमा करताना एका शिपायाच्या हातून गोळी सुटून फरशीत गेली होती. तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी दारापाशी वाळूची पेटी ठेवलीत, आणि साहेब असो की शिपाई, नळी पेटीत धरून दोनदा तपासल्याशिवाय तुम्ही टेबलावर काही घेत नव्हतात. लोक चिडायचे. त्या सतरा अटींत या गोष्टीबद्दल काहीच नाही बाबा. नंतर आलेल्या काही पिस्तुलांत चाप न ओढता खोलायची सोय केली आहे, म्हणजे जगात कुठेतरी आणखी कुणाच्या तरी फरशीला भोक पडलेलं असणार. तुम्ही त्या समितीत असतात तर अठरावी अट नक्की घातली असतीत. काय शब्दांत, ते पुढच्या चिठ्ठीत लिहा. तुमच्या लाल पेन्सिलीनेच लिहा.

ग्लॉक डिसेंबर २०२३ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला. गावात त्याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. माझी शेजारीण म्हणते, तिच्या सासूकडे त्याच्या कारखान्याचा पडद्याचा रॉड अजून आहे. खरं-खोटं तीच जाणे.

आईला सांगा मेतकूट पुरेल, पण कुळीथ संपत आलंय. नातवाला आज पोहायला न्यायचंय, म्हणून इथेच थांबते. गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची,
सुमी