लाल दौतीच्या तळाशी राहिलेली शाई

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपण दुरुस्त करून पाठवलेले आत्याचे कलमदान परवा सुखरूप हाती आले. त्याच दिवशी फोन करून आपले आभार मानायला हवे होते. परंतु झाकण उघडून आत पाहिले आणि मला बोलणे सुचेना, म्हणून आज लिहितो आहे. जुन्या दौती, टाक, टीपकागदाचे अर्धगोल ठोकळे अशा लेखनसाहित्याचा संग्रह करणाऱ्या सर्वांनी हे पत्र वाचावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून ते उघड पत्र केले.

हे कलमदान आपल्या हाताखालून गेले असल्यामुळे त्याचे वर्णन आपल्याला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की लाकडी बैठकीवर पैलू पाडलेल्या जाड काचेच्या दोन दौती, त्यांना बिजागरीची पितळी झाकणे आणि पुढे टाक ठेवण्यासाठी खाच, असे त्याचे रूप आहे. डावीकडच्या दौतीत काळी शाई आणि उजवीकडच्या दौतीत लाल. आत्या शिक्षिका होती. टाक लाल दौतीत बुडवला की निबेची मागची बाजू ती काठाला एकदाच टेकवायची, जास्तीची शाई खाली उतरू द्यायची आणि मगच वहीवर हात ठेवायची. तिने तपासलेल्या वहीवर शाईचा ठिपका पडलेला मी कधी पाहिला नाही. आज माझ्याकडे चाळीसहून अधिक दौती आहेत, पण त्या सगळ्यांच्या आधी मी तासन्‌तास न्याहाळलेली वस्तू हीच.

काळ्या दौतीचे झाकण सैल झाले तेव्हा मी हे कलमदान ज्यांच्याकडे दुरुस्तीला दिले, त्यांनी मला एका शब्दानेही न विचारता ती दौत रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली. अशा दौतींत काचेच्या गळ्याभोवतीचे पितळी कडे प्लॅस्टरने बसवलेले असते आणि पाण्यात ते प्लॅस्टर मऊ पडून कडे निखळते, हे त्या व्यवसायातील माणसाला ठाऊक असायला हवे होते. ते निखळलेच. मग त्यांनी ते कुठल्याशा घट्ट चिकटणाऱ्या द्रवाने वाकडे बसवले आणि वर झाकण यंत्रावर धरून असे चकचकीत केले की त्यावरची वेलबुट्टी जवळजवळ सपाट झाली. मी जाब विचारला तेव्हा ‘स्वच्छ करून दिले, आणखी काय हवे?’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या गृहस्थांनी चार महिने वस्तू ठेवून घेतली आणि पुडके न उघडताच परत केली. हे मी अद्याप विसरू शकलेलो नाही आणि विसरावे असे मला वाटतही नाही.

या अनुभवानंतर मी आपल्याकडे आलो तो फारशी आशा न बाळगता. कलमदान पोहोचल्याच्या संध्याकाळी आपला निरोप आला. त्यात खर्चाचा, मुदतीचा किंवा वस्तूच्या वयाचा उल्लेख नव्हता. आपण लिहिले होते : ‘लाल दौतीच्या तळाशी सुकलेली शाई आहे. ती काढायची की राहू द्यायची? आपले उत्तर येईपर्यंत त्या दौतीला मी पाणी लावणार नाही.’

ताई, त्या तीन वाक्यांपाशी मी किती वेळ थांबलो हे मला सांगता येणार नाही. तो तळाचा थर मी वर्षानुवर्षे पाहिला होता आणि त्याला मळ समजत आलो होतो. ती आत्याच्या हातची शेवटची शाई आहे, हे तिच्या भाच्याच्या मनात कधी आले नाही आणि तिला कधीही न भेटलेल्या आपल्या मनात आले. काळ्या दौतीतही असाच थर होता. तो त्या रात्री पाण्याबरोबर गेला असणार, आणि गेला हेदेखील मला आपल्या प्रश्नामुळेच उमगले. म्हणून आपला निरोप वाचताना आनंद आणि चुटपुट दोन्ही एकदमच झाले.

आपण नंतर फोनवर जे समजावून सांगितले त्याचीही इथे नोंद करतो. मायफळ (ओकच्या झाडावर येणारी गाठ), हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक यांपासून केलेली जुनी काळी शाई आम्लधर्मी असते, ती धातूला खाते, आणि म्हणूनच चांदीच्या किंवा पितळेच्या दौतीतही आत काचेचे वा चिनी मातीचे भांडे बसवलेले असते. लाल शाईचे तसे नाही. ती बहुधा निव्वळ रंगाची असते आणि पाण्याचा थेंब लागला तरी वाहून जाते. बोलण्याच्या ओघात आपण फिलाडेल्फियातील त्या चांदीच्या कलमदानाची आठवण काढलीत. फिलिप सिंग या कारागिराने ते 1752 मध्ये घडवले आणि 1776 चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा व 1787 ची राज्यघटना या दोन्हींवर सह्या करताना त्यातील शाई वापरली गेली. त्यातही दौत, पिसाच्या लेखण्या ठेवायचे भांडे आणि शाईवर भुरभुरवायच्या पुडीची डबी, एवढाच सरंजाम आहे. ‘तिथे सह्या झाल्या, इथे वह्या तपासल्या गेल्या, वस्तूला दोन्ही सारखेच,’ असे आपण म्हणालात. शिक्षिकेच्या कलमदानाची एवढ्या गांभीर्याने कोणी दखल घेईल, असे मला वाटले नव्हते.

तो घट्ट द्रव आपण कसा सोडवलात, कडे पुन्हा प्लॅस्टरमध्ये सरळ कसे बसवलेत, याचा तपशील मी विचारला नाही. झाकण आता बोटाने सोडले की अलगद मिटते, एवढे मला पुरेसे आहे. सपाट झालेली वेलबुट्टी परत येणार नाही, हे आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेत आणि ती नव्याने कोरून देण्यास नकार दिलात, त्याबद्दलही मी ऋणी आहे. आणि लाल दौतीभोवती गुंडाळलेली ती कागदाची पट्टी! ‘आत कापूस घालू नये, पापुद्रा सुटतो.’ वेष्टन उघडणाऱ्या अनोळखी हातालाही सावध करणारे ते एक वाक्य मी पट्टीसकट जपून ठेवले आहे.

जुन्या वस्तूंच्या या जगात जाणकार पुष्कळ भेटतात. धातू, काच, घडणावळ, शिक्के यांवर ते तासभर बोलतील. परंतु दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी त्याला विचारावे, ही साधी रीत पाळणारे मला फार थोडे भेटले. आपण ती अशा सहजतेने पाळलीत की बहुधा आपल्याला त्यात काही विशेष वाटतही नसेल. मला मात्र वाटते. गेल्या आठवड्यात एका स्नेह्याने आजोबांची दौत घासायला काढली, तेव्हा माझ्या तोंडून प्रथम ‘आत काय आहे ते पाहिलेस का?’ असेच निघाले.

आता एक विनंती. मिरपुडीची म्हणून मला विकली गेलेली जी छिद्रांची डबी मी आपल्याला छायाचित्रातून दाखवली होती, ती मिरपुडीची नव्हे, शाई वाळवण्याच्या पुडीची आहे हे आपण तिच्या खोलगट माथ्यावरून क्षणात ओळखलेत. कागदावर उरलेली पूड त्या खोलगट भागावर परत ओतली की छिद्रांतून आत जाते, हे मला माहीत नव्हते. तिचे बूड सैल झाले आहे. आपल्या सवडीने ती घेऊन यायची आहे. आतल्या कडेला थोडी पांढुरकी पूड अजून चिकटलेली आहे आणि तिला मी हात लावलेला नाही.

आपला ऋणी,
कलमदानवाल्या आत्याचा भाचा