अजानमधला ‘अकबर’ म्हणजे अकबर बादशाह नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी अब्बांच्या वेळेपासून येतो. दरवर्षी रमजान लागला की पहिल्या पानावर चंद्राचा फोटो, मग विजापूर वेशीतल्या मीना बाजारची गर्दी, शिरखुर्म्याची रेसिपी आणि रोज कोपऱ्यात सहरी-इफ्तारची, म्हणजे पहाटे रोज्याआधी खायची आणि संध्याकाळी रोजा सोडायची वेळ. छान असतं सगळं, काही कात्रणं मी जपून ठेवलीत. पण पूर्ण महिन्यात एकदाही असं छापून येत नाही की ही माणसं नक्की मानतात काय, आणि रोज पाच वेळा भोंग्यावरनं जे म्हणतात त्याचा अर्थ काय. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबलंय, कापून छापलं तरी चालेल, फक्त अजानच्या अर्थाला कात्री लावू नका.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. आमच्याकडं एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम आहेत, पूर्व भागातले, पद्मशाली म्हणजे विणकर समाजाचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मागच्या रमजानात एक्स्पोर्टचा माल भरायचा होता म्हणून आम्ही रात्रभर थांबलो होतो, पहाटे मी डब्यातली सहरी आटपून शेवटचं पाणी प्यायलो आणि तेवढ्यात फजरची अजान सुरू झाली. अण्णा जरा थांबून म्हणाले, “भाई, एक विचारू का, राग मानू नका. अकबर बादशाह जाऊन एवढी वर्षं झाली की ओ, तुमी लोक अजून रोज त्याचं नाव का घेता?”

राग कसला येणार, पंचवीस वर्षांची ओळख. मी सांगितलं की अण्णा, अरबीत अकबर म्हणजे सगळ्यात मोठा, ‘अल्लाहु अकबर’ म्हणजे अल्लाह सगळ्यात मोठा आहे, बादशाहाचा काही संबंध नाही, अजान तर त्या बादशाहाच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधीपासून चालू आहे. अण्णा म्हणाले बरं, आणि पुढच्या ओळी? आणि तिथं मी अडकलो. खरं सांगतो, मला पुढचं मराठीत सांगता येईना. लहानपणी मदरशात ‘कायदा’ म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक शिकलो, कुरआन अरबीत घडाघडा वाचतो, घरी दखनी बोलतो, शाळा मराठी, पण जे रोज कानावर पडतं ते ज्या भाषेत मी हिशोब लिहितो त्या भाषेत कधी सांगून बघितलंच नव्हतं. लई वाईट वाटलं स्वतःचं. दुसऱ्या दिवशी मौलाना साहेबांकडं जाऊन एकेक ओळ विचारली आणि हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली.

तर अजान अशी. अल्लाह सगळ्यात मोठा आहे, हे चार वेळा. मी साक्ष देतो की अल्लाहशिवाय कुणीही पूजेला पात्र नाही, दोन वेळा. मी साक्ष देतो की मुहम्मद अल्लाहचे रसूल म्हणजे पाठवलेले दूत आहेत, दोन वेळा. या नमाजकडे, दोन वेळा. या यशाकडे, कल्याणाकडे, दोन वेळा. पहाटेच्या अजानमध्ये इथं एक ओळ जास्त असते, ‘झोपेपेक्षा नमाज चांगली’, ती पण दोनदा. मग परत अल्लाह सगळ्यात मोठा आहे दोनदा, आणि शेवटी एकदा, अल्लाहशिवाय कुणीही पूजेला पात्र नाही. संपली अजान. यात कुणाच्या विरुद्ध एक शब्द नाही, निव्वळ बोलावणं आहे. आणि मदिनेत पहिल्यांदा हे बोलावणं देण्याचा मान ज्यांना मिळाला ते हजरत बिलाल, हबशी वंशाचे, आधी मक्केत गुलाम होते, मालकानं तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला तरी तोंडातून ‘अहद, अहद’ म्हणजे एकच, एकच एवढंच निघायचं. हजरत अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मोकळं केलं.

तो ‘एकच’ शब्द समजला की बाकी सगळं समजतं असं मला वाटतं. आमच्या सगळ्या श्रद्धेचं मूळ तिथंच आहे, त्याला तौहीद म्हणतात. कुरआनात एक छोटी सूरा म्हणजे अध्याय आहे, फक्त चार आयतींचा म्हणजे चार ओळींचा, लहान पोरांना सुद्धा पाठ असतो, त्याचा अर्थ असा की सांगा, अल्लाह एक आहे, त्याला कुणाची गरज नाही आणि सगळ्यांना त्याची गरज आहे, त्याला मूल नाही आणि तो कुणाचं मूल नाही, त्याच्या बरोबरीचं कुणीच नाही. म्हणूनच आम्ही अल्लाहची मूर्ती किंवा चित्र करत नाही, पैगंबरांचं पण चित्र नसतं, कारण उद्या लोक त्यांचीच पूजा करायला लागतील. पुष्कळ जणांना वाटतं मुसलमान मुहम्मद पैगंबरांची पूजा करतात, तर तसं नाही. ते माणूस होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आजोबा आणि नंतर काकांनी वाढवलं, व्यापार केला, आणि चाळिशीत, सन 610 च्या सुमारास, मक्केजवळच्या हिरा गुहेत त्यांच्यावर पहिला संदेश आला, त्याचा पहिलाच शब्द ‘इकरा’, म्हणजे वाच. ज्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना पहिला हुकूम वाचायचा आला ही गोष्ट मी माझ्या पोरांना अभ्यासाला बसवताना दरवेळी सांगतो. पुढं जवळजवळ 23 वर्षं थोडं थोडं करून कुरआन उतरलं, त्यात 114 सूरा आहेत. 622 ला ते मक्का सोडून मदिनेला गेले तिथून आमचं हिजरी सन मोजतात, आणि 632 ला ते वारले.

अण्णांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते येशूचं. आम्ही हजरत ईसांना, म्हणजे येशूंना, मूसांना, इब्राहिमांना, दाऊदांना सगळ्यांना पैगंबर मानतो, आणि ईसांच्या आईच्या, मरियमच्या नावाची तर कुरआनात अख्खी सूरा आहे. याशिवाय फरिश्ते, म्हणजे देवदूत, अल्लाहनं वेळोवेळी पाठवलेले ग्रंथ, नशीब म्हणजे तकदीर, आणि कयामतचा दिवस ज्या दिवशी प्रत्येकाचा हिशोब होणार, यावर ईमान ठेवायचं. हिशोबाचं काम करत असल्यामुळं असेल पण मला तो शेवटचा भाग लई टोचतो, कारण कुरआनात म्हटलंय कणभर चांगलं केलेलं पण दिसेल आणि कणभर वाईट केलेलं पण दिसेल, तिथं किरकोळ खर्च म्हणून काही दाबून टाकता येत नाही.

नमाजचं सगळ्यांनी बघितलेलं असतं म्हणून थोडक्यात सांगतो. पहाट, दुपार, तिसरा प्रहर, सूर्य मावळल्यावर आणि रात्री, अशा पाच. आधी वुजू करायचं, म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यावरनं ओला हात फिरवायचा, पाय धुवायचे. तोंड मक्केतल्या काबाकडं, आपल्या सोलापुरातनं ते पश्चिमेला येतं. काही लोक समजतात आम्ही काबाच्या इमारतीला पुजतो, तसं नसतं, ती फक्त दिशा आहे, जगभरच्या लोकांनी एकाच बाजूला तोंड करावं म्हणून. ओळीत खांद्याला खांदा लागतो, त्यात मालक आधी कामगार नंतर असलं काही नाही, जो आधी आला तो पुढं. आणि शेवटी उजवीकडं-डावीकडं मान वळवून जे म्हणतात ते ‘तुमच्यावर शांती असो आणि अल्लाहची कृपा असो’.

रोजाबद्दल मात्र विचारतात, “पाणी पण नाही? थुंकी पण नाही गिळायची?” थुंकी गिळली तर रोजा तुटत नाही ओ, ही भलतीच समजूत आहे. पाणी मात्र खरंच नाही, पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत. 2018 आणि 2019 ला रमजान मे महिन्यात होता, सोलापूरचा मे काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको, शेडमध्ये पत्र्याखाली मशीनच्या वाफेत उभं राहणारी पोरं रोजे धरत होती. अण्णांनी विचारलेलं की तुमचा सण दरवर्षी मागं का सरकतो. तर आपल्या पंचांगात चांद्र महिने असले तरी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतात, हिजरी वर्षात अधिक महिना नाही, ते साधारण 354 दिवसांचं, त्यामुळं दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतं, आणि 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात. 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी परत एकदा असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान लागणार आहे. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई यांना सूट आहे, नंतर भरून काढायचे, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला कधीच जमणार नाही त्यानं रोज एका गरिबाला जेवू घालायचं. पण पोट उपाशी ठेवणं हा त्यातला सोपा भाग. पैगंबरांचं सांगणं आहे की जो खोटं बोलणं सोडत नाही त्यानं खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी माप मारणारा दुकानदार मी बघितलाय, त्याला हे कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे.

आता माझा आवडता विषय, जकात. ह्याला लोक दान समजतात, आणि आपल्याकडं जकात म्हटलं की अजून नाक्यावरचा जुना टॅक्स आठवतो. पण हे ऐच्छिक दान नाही आणि सरकारी कर पण नाही, तुमच्या पैशात गरिबाचा जो हक्क आहे तो काढून द्यायचा. साडेसात तोळे सोनं म्हणजे 87.48 ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे 612.36 ग्रॅम, एवढ्या किमतीची संपत्ती एक चांद्र वर्ष तुमच्याकडं राहिली तर तिचा चाळिसावा भाग, अडीच टक्के. हिशोब कसा, तर राहतं घर धरायचं नाही, गाडी धरायची नाही, लूम धरायचा नाही कारण ते कामाचं हत्यार आहे, पण गोडाऊनमधलं सूत आणि विकायला तयार झालेला टॉवेल धरायचा. धरा की रोख, बँक, सोनं आणि माल मिळून 6 लाख झाले, देणं 2 लाख आहे, उरले 4 लाख, जकात झाली 10 हजार. आमच्या हनफी लोकांत, म्हणजे सुन्नींमधल्या एका पंथात, बायकांच्या अंगावरचं सोनं पण मोजतात, घरोघरी रमजानात काटा आणून बांगड्या तोलतात. हे पैसे स्वतःच्या आईवडिलांना आणि मुलांना देता येत नाहीत, त्यांना तसंही सांभाळायचंच आहे, पण गरीब भाऊ-बहिणीला देता येतात, कर्जात बुडालेल्याला देता येतात. आणि गाजावाजा न करता द्यायचे, उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये असे. हल्ली किट वाटतानाचे फोटो काढून टाकतात, घेणाऱ्या बाईचा चेहरा सगळ्या ग्रुपवर फिरतो, मला ते अजिबात पटत नाही आणि मी आमच्या मोहल्ल्यात उघड बोललोय. ईदच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येक माणसामागं फितरा द्यायचा असतो, दोनेक किलो गव्हाची किंमत, तो वेगळा, की ईदच्या दिवशी कुणाची चूल बंद राहू नये.

हज आयुष्यात एकदा, तेही अंगात ताकद आणि खिशात पैसा असेल तर. पुरुष दोन बिनशिवलेले पांढरे कपडे नेसतात, इहराम म्हणतात त्याला, आणि तो टॉवेलच्या कापडाचा पण असतो, अण्णांना ते सांगितल्यावर लई आनंद झाला. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारतात, त्या एका आईची आठवण म्हणून, हजरत हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत तशाच धावल्या होत्या. एवढे लाखो पुरुष त्या बाईच्या पावलावर चालतात. आमचे अब्बा मिल कामगार होते, मिल बंद पडली आणि हजसाठी साठवलेलं घरातच खर्च झालं. शेवटपर्यंत त्यांच्या मनात ते राहिलं. मौलानांनी त्यांना समजावलं होतं की ज्याची ऐपत नाही त्याच्यावर हज फर्जच, म्हणजे बंधनकारकच नाही, पण ऐकून घ्यायचे आणि परत तेच विचारायचे.

मोहरमबद्दल एक सांगतो, त्या दिवशी बरेच ओळखीचे लोक मोबाईलवर ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ पाठवतात, मनात प्रेम असतं म्हणून आम्ही कुणी काही बोलत नाही. पण दहावी मोहरम म्हणजे 680 साली करबलामध्ये पैगंबरांचे नातू हजरत इमाम हुसैन यांना तहानलेलं ठेवून मारलं तो दिवस. म्हणून सरबत वाटतात. आपल्या जिल्ह्यात गावोगाव मोहरमचे पंजे (हाताच्या आकाराची निशाणं) बसतात, ते धरणारे कितीतरी हिंदू असतात, काही मुसलमान ते मानतात काही मानत नाहीत, त्या वादात मी आत्ता पडत नाही.

संपादक साहेब, मागणी एवढीच की येत्या रमजानात सहरी-इफ्तारच्या चौकटीखाली रोज एक ओळ मराठी अर्थाची छापा, आज अजानची एक ओळ, उद्या नमाजमधली एक, जागा दोन बोटांची पण लागणार नाही. अजानचा अर्थ वेगळ्या कागदावर नीट लिहून सोबत जोडलाय. शुद्धलेखन अण्णांच्या नातीनं तपासून दिलंय, ती दहावीला आहे.

आपला,
एक जुना वाचक
शास्त्री नगर, सोलापूर