दोन हजारांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट बिनव्याजी करा : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

विषय : जनधन खात्यावरील ओव्हरड्राफ्टच्या पहिल्या दोन हजार रुपयांवर व्याज न आकारण्याबाबत

सादर नमस्कार.

जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली, तेव्हापासून तिच्यात ओव्हरड्राफ्ट आहे. शिल्लक संपली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातून पैसे काढता येतात. आधी ही मर्यादा ५,००० होती, २०१८ मध्ये १०,००० झाली. वयाची अट ६० वरून ६५ वर गेली आणि २,००० रुपयांपर्यंत कोणतीही अट नाही असेही ठरले. ५ जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पी भाषणात आपण स्वतः बचत गटातल्या जनधन खातेदार महिलांसाठी ५,००० च्या ओव्हरड्राफ्टची घोषणा केलीत. म्हणजे नवी योजना मागायची गरजच नाही. जी आहे ती चालत का नाही आणि व्याज माफ केल्याने ती कशी चालेल, एवढेच सांगायचे आहे.

आधी हिशेब. हप्ता ५ तारखेला आणि मजुरी पंचवीसला, म्हणजे वीस दिवसांची ओढाताण. २,००० रुपये वीस दिवस वापरले तर वर्षाला १२ टक्के दराने व्याज होते सुमारे १३ रुपये. ओव्हरड्राफ्ट नसेल आणि हप्ता बाउन्स झाला तर २५० रुपये दंड व त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २९५ जातात, काही बँकांत याहून जास्त. शिवाय कर्ज देणारी कंपनी तिचा दंड वेगळा लावते. सावकाराकडे दरमहा शेकडा पाचने गेले तर वीस दिवसांनाही पूर्ण महिना धरतात, म्हणजे १०० रुपये.

मग १३ रुपयांसाठी बिनव्याजीचा आग्रह कशाला? कारण हे १३ रुपये खातेदाराला जड नाहीत, बँकेच्या यंत्रणेला जड आहेत. ओव्हरड्राफ्टला ९० दिवसांचा नियम लागतो. सलग ९० दिवस खात्यात काहीच जमा झाले नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळात लावलेल्या व्याजाइतकी नसली, तर खाते अनियमित ठरून एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. त्यांची उचल मुकादमाकडून रोखीत मिळते, हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि खात्यात सहा-सहा महिने एक रुपया जमा होत नाही. माणूस पैसे बुडवणारा नसतो, त्याच्या कमाईचे वेळापत्रक नव्वद दिवसांत बसत नाही इतकेच. तरी दोन हजारांसाठी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, त्याचे नाव खराब होते आणि पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जाला किंवा गाडीच्या कर्जाला तेच आडवे येते.

शाखाधिकाऱ्याचीही बाजू आहे. दोन हजारांच्या ओव्हरड्राफ्टला अर्ज, मंजुरीची नोंद, दरवर्षीचा आढावा आणि ३६ महिन्यांनी नवी मंजुरी लागते. हाती व्याज येते वर्षाला शंभर-दीडशे रुपये, आणि खाते बिघडले तर शाखेचा एनपीए वाढतो. असा व्यवहार कोण आपणहून अंगावर घेईल? खरे तर बुडिताची भीती फारशी नाही. कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाई देणाऱ्या, सूक्ष्म उद्योगांसाठीच्या पतहमी निधीचे संरक्षण या ओव्हरड्राफ्टलाही आहे आणि प्राधान्य क्षेत्रातील दुर्बल घटकांच्या कर्जात त्याची गणती होते. अडचण कागदांची आणि नव्वद दिवसांची आहे.

२,००० च्या वरची मर्यादा ठरवण्याचे सूत्रही उलटे आहे. मासिक सरासरी शिल्लकेच्या चौपट, सहा महिन्यांतील एकूण जमेच्या निम्मे, किंवा १०,००० यांपैकी जे कमी ते. दर महिन्याला १,५०० रुपये जमा होतात आणि दोन दिवसांत काढले जातात असे खाते घ्या. सहा महिन्यांची जमा ९,०००, तिच्या निम्मे ४,५००. पण सरासरी शिल्लक पडते १०० आणि तिची चौपट ४००. 'जे कमी ते' म्हणून सूत्राने येतात ४०० रुपये, म्हणजे विनाअटीच्या २,००० च्या वर काहीच नाही! ज्याच्या खात्यात पैसे टिकतात त्याला ओव्हरड्राफ्ट लागत नाही, ज्याला लागतो त्याची सरासरी शून्याजवळच असणार.

आता बिनव्याजीची गोष्ट. आपल्याकडे हे नवे नाही. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. क्रेडिट कार्डवाल्याला महिना-दीड महिना बिनव्याजी मिळतोच. सातबारा असलेल्याला आणि पगाराची स्लिप असलेल्याला ही सोय आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र नाही. त्याच वेळी जनधन खात्यांत ऑगस्ट २०२५ पर्यंत सुमारे २.६७ लाख कोटी रुपये साठले होते, आणि त्यावर मोठ्या बँका अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतात. एवढा स्वस्त पैसा गरिबांनीच बँकांना दिला आहे, हे लक्षात असावे.

आमची मागणी अशी. पहिल्या २,००० वर, उचलल्या दिवसापासून ३० दिवस, व्याज शून्य. त्यानंतर सध्याचाच दर, तोही फक्त वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरता. मर्यादा अर्जावर नको, सहा महिने खाते चालू आणि केवायसी पूर्ण असेल तर संगणकानेच लावावी. २,००० पर्यंतच्या रकमेसाठी ९० ऐवजी १८० दिवस धरावेत. यासाठी रिझर्व्ह बँकेशी बोलावे लागेल, आणि सगळ्यात अवघड काम तेच आहे.

एक सापळा आधीच बुजवावा लागेल. ओव्हरड्राफ्टमध्ये जमा झालेला प्रत्येक रुपया आधी उणे रकमेत जिरतो. मर्यादा जिवंत असेल तर तो पुन्हा काढता येतो. पण वार्षिक आढावा राहिला म्हणून बँकेने मर्यादा गोठवली असेल, तर निराधार योजनेचे १,५०० आले तसे गायब होतात. म्हणून सरकारी अनुदानाच्या एका जमेतून निम्म्याहून जास्त रक्कम वळती करू नये, आणि बँकेचे दंड किंवा एसएमएसचे शुल्क या मर्यादेतून कापूच नये.

ब्रिटनचा अनुभवही पाहावा. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या नियामकाने ओव्हरड्राफ्टवरचे रोजचे ठरावीक शुल्क बंद केले, तर अनेक मोठ्या बँकांनी दर ४० टक्क्यांच्या घरात नेले. बिनव्याजी टप्पा संपल्यावर काय, हे आधी लिहून ठेवले नाही तर सवलतीची भरपाई पुढच्या टप्प्यात होते. म्हणून दोन हजारांच्या वरच्या रकमेचा दर मोकळा सोडू नये.

आणि एक बारीक गोष्ट. एटीएमवर आणि बँकमित्राच्या, म्हणजे गावातल्या बँक प्रतिनिधीच्या, मशीनवर 'उपलब्ध शिल्लक' दिसते, तिच्यात काही बँका ओव्हरड्राफ्टची मर्यादा मिळवून दाखवतात. खात्यात ० आणि मर्यादा २,००० असेल तर पडद्यावर २,००० दिसतात, आणि लोकांना वाटते सरकारने पैसे टाकले. पावतीवर आणि पासबुकात 'आपले पैसे' आणि 'बँकेचे उसने पैसे' अशा दोन वेगळ्या ओळी मराठीत छापाव्यात. मर्यादा लावण्याच्या आधी हे व्हावे, नंतर नव्हे.

आपले,
काही निवृत्त बँक कर्मचारी, बँकमित्र आणि बँक सखी