‘राउंड’ विशेषण कसा? शुद्धिपत्र छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या विद्यार्थी पुरवणीतला ‘शब्दांच्या जाती ओळखा’ हा स्वाध्याय आणि त्याखालची उत्तरे वाचली. इंग्रजी व्याकरणासाठी आपण अर्धे पान देता, त्याबद्दल आभार. पण ‘द बोट वेंट राउंड द फोर्ट’ या वाक्यातला ‘राउंड’ विशेषण असल्याचे छापले आहे, ते साफ चूक आहे. शब्दकोशात ‘गोल’ हा अर्थ आधी दिसला म्हणून का? इथे होडीचा किंवा किल्ल्याचा आकार कोणी सांगतच नाही. होडी किल्ल्याभोवती फिरली. आपले ‘भोवती’ जसे शब्दयोगी अव्यय, तेच काम इथे ‘राउंड’ करतो. सिंधुदुर्गाच्या तटाभोवती होडी फिरताना मालवणच्या मुलांनी पाहिलेली असते. त्यांनी बरोबर उत्तर लिहिले आणि छापील उत्तर पाहून खोडले, तर दोष कोणाचा?

या एका शब्दाच्या पाच जाती होतात. ‘अ राउंड स्टोन’मध्ये तो विशेषण. कबड्डीची ‘फर्स्ट राउंड’ म्हटले की नाम. ‘द बोट राउंडेड द केप’, म्हणजे होडीने भूशिराला वळसा घातला, इथे क्रियापद. ‘ही टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण आणि पुरवणीतल्या वाक्यात शब्दयोगी. मराठीच्या तासाला हीच मुले शिकतात की ‘वर चढ’मधला ‘वर’ क्रियाविशेषण आणि ‘माडावर चढ’मधला शब्दयोगी. मग इंग्रजीच्या पानावर सुट्या शब्दांची यादी देऊन समोर एकेक जात कशासाठी छापता? वाक्याबाहेर या शब्दांची जात ठरतच नाही.

ओळखायची रीत अवघड नाही. आधी वाक्यात ‘येस्टरडे’ घालून पाहावे. रूप बदलले तर क्रियापद. ‘दे ड्राय फिश ऑन द बीच’चे ‘दे ड्राइड फिश’ होते, म्हणून तिथला ‘ड्राय’ क्रियापद. ‘वुई ईट ड्राय फिश’मध्ये भूतकाळ केला तरी ‘ईट’ तेवढा बदलतो, ‘ड्राय’ तसाच राहतो. तिथे तो विशेषण. दोन्हीकडे ‘ड्राय फिश’ अगदी शेजारी शेजारी आहेत, म्हणून नुसते शेजारचे शब्द पाहणारा फसतो. शेवटी ‘एस’ दिसला की अनेकवचनी नाम, हेही खरे नाही. ‘ही नेट्स प्रॉन्स’मधला ‘नेट्स’ क्रियापदच आहे. ‘बिफोर’साठी पुढे काय येते ते पाहायचे: ‘बिफोर द रेन’मध्ये नुसते नाम, म्हणून शब्दयोगी, ‘बिफोर द रेन स्टार्ट्स’मध्ये क्रियापदासह आख्खे उपवाक्य, म्हणून उभयान्वयी, आणि पुढे काहीच नसेल, जसे ‘आय हॅव सीन इट बिफोर’, तर क्रियाविशेषण.

आपल्या पुरवणीत ‘व्हेरी लागला की विशेषण’ असा नियम चौकटीत दिला आहे. तो अपुरा आहे. ‘व्हेरी’ क्रियाविशेषणालाही लागतो. काजूचे ‘हार्ड शेल’ म्हटले तर ‘हार्ड’ विशेषण, ‘शी वर्क्स हार्ड’मध्ये क्रियाविशेषण, आणि ‘व्हेरी’ दोन्हीकडे चालतो. शब्द नामाबद्दल सांगतो की क्रियेबद्दल, हे विचारल्याशिवाय निकाल लागत नाही. हे न कळल्यामुळे मुले ‘शी वर्क्स हार्डली’ लिहितात आणि अर्थ उलटा होतो: ती जवळजवळ कामच करत नाही. ‘फास्ट’चे ‘फास्टली’ करणे तर सर्रास चालते. असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. उलट ‘फिश मार्केट’मधल्या ‘फिश’ला ‘व्हेरी’ लागत नाही, कारण तो दुसऱ्या नामाच्या आधी उभा असला तरी नामच आहे.

‘आयएनजी’ची रूपेही एका रकान्यात कोंबू नयेत. ‘फिशिंग बोट’ म्हणजे मासेमारीसाठीची होडी. होडी काही मासे पकडत बसत नाही. ‘फ्लोटिंग बोट’ मात्र स्वतः तरंगणारी. पहिले रूप नामाच्या अंगाने जाते, दुसरे विशेषणाच्या.

उच्चाराबद्दल तर पुरवणीत अक्षरही नाही. हापूसचा ‘एक्सपोर्ट’ नाम असेल तर जोर ‘एक्स’वर, क्रियापद असेल तर ‘पोर्ट’वर. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’ यांचेही असेच. ‘व्हिजिट’ आणि ‘आन्सर’ यांचा जोर मात्र दोन्हीकडे जागचा हलत नाही, म्हणून हा नियम सगळीकडे लावू नये. ‘यूज’ लिहायला एकच, पण नाम असताना शेवटी ‘स’ ऐकू येतो, क्रियापद असताना ‘झ’.

पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापावे, आणि तेही स्वाध्यायाच्याच पानावर. आतल्या पानावर बारीक टायपात छापले तर मुलांच्या नजरेला पडणार नाही.

जाता जाता आणखी एक. आपल्या कोकण आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा मुंबईच्याच छापल्या जातात. देवगड-मालवणात भरती मुंबईच्या आधी येते. कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले खायचे शिंपले, काढायला जाणाऱ्या बायका या वेळा पाहून निघतात. निदान ‘मुंबईच्या वेळा’ एवढे तरी वर ठळक छापा; रत्नागिरी आणि मालवणच्या वेळा देता आल्या तर फारच बरे.

आपला,
एक वाचक, देवगड