६०० मीटर पळायला आधी मैदान द्या, साहेब

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातला, दोन एकर केळी करणारा माणूस. पोरगी सातवीत आहे. परवा शाळेतून फोन आला, मुलीला लागलंय, लवकर या. गुडघा फाटलेला, चार टाके पडले. कशात, तर फिटनेस टेस्टमध्ये.

टेस्टला माझा विरोध नाही. उंची-वजन, ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकायचं, हे व्हायलाच पाहिजे, पोरं दिवसभर मोबाईलात घुसलेली असतात. पण ६०० मीटर पळवायचं तर जागा लागते ना? आमच्या शाळेला मैदानच नाही. पोरं पळाली डांबरी रस्त्यावर, भर दुपारी बाराला, मार्च संपत आलेला, जळगावकडचं ऊन तुम्हाला मुंबईत बसून नाही कळायचं. अंतर सरांनी पावलांनी मोजलं. निम्म्या पोरांच्या पायात स्लिपर. समोरून केळीचा ट्रक आला, ही बाजूला सरकली ती खडीवर आपटली.

पण मला टाक्यांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर यादीत तिच्या नावापुढे लिहिलेलं, ३ मिनिटं ५ सेकंद. अहो, पोरगी पोहोचलीच नाही तर वेळ आली कुठून? सर मान खाली घालून म्हणाले, दादा, रकाना रिकामा ठेवला की वरून फोन येतात, मार्च एंडच्या आत भरून द्यायचंय. त्यांच्यावर तरी किती चिडू, ते गणिताचे सर, पीटीचे सर रिटायर झाले ते झाले, जागेवर कोणी आलंच नाही.

ही टेस्ट ज्यात येते ती केंद्र सरकारची तंदुरुस्तीची मोहीम, फिट इंडिया, २९ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली. त्याच्या दहा वर्षं आधी, २००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान लिहिलंय, सहावी ते आठवीत शंभराच्या वर पोरं असली की शारीरिक शिक्षणाला निदान अर्धवेळ शिक्षक लिहिलाय. आमच्याकडे दीडशेच्या आसपास असतील. मग का नाही दिला? मास्तरांना कधी मतदार याद्या, कधी सर्वे, आणि तुम्ही त्यांनी भरलेले रकाने बघून मीटिंगा घेता. गावातल्या रस्त्याचं तेच, पाण्याच्या टाकीचं तेच, कागदावर सगळं पूर्ण! आम्ही कोणाला विचारायचं?

मैदान द्या, पीटीचा शिक्षक द्या, टेस्ट हिवाळ्यात सकाळी घ्या. आणि ते ३ मिनिटं ५ सेकंद आधी खोडायला लावा. तिथे लिहा, पडली, पूर्ण केलं नाही. टाके निघाले की पुन्हा पळते म्हणते ती.

एक पालक,
ता. यावल, जि. जळगाव