आग विझली का?

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "विझली का बे आग?" आणि मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला. रेंज जात होती हे खरं, पण या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, हेही खरं. आज दुपारी वनखात्याच्या क्वार्टरवर जरा निवांत आहे, म्हणून कागद घेतला.

आग लागली ती मोहाच्या झाडाखालून. तुझ्या आजोळी पाहिलं असशील, मोहफूल पहाटे टपटपतं आणि पाचोळ्यात दिसत नाही. मग लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. माणूस फुलं वेचून घरी जातो, आग तिथंच राहते. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली हा गुन्हा आहे, मी पंचनामाही केलाय. पण टोपलीभर फुलांवर घरातलं तेल-मीठ चालतं, तिथं नुसतं कलम वाचून दाखवायला जीभ रेटत नाही. गावातल्या एका आजीनं यंदा झाडाखाली जुनी हिरवी नेट बांधलीय. फूल नेटवरच पडतं, मातीही लागत नाही. माझ्या दहा ग्रामसभांपेक्षा ती नेट जास्त बोलते.

आपल्याकडे एक बरं आहे, कॅलिफोर्नियातल्यासारखे झाडांचे शेंडे सहसा पेटत नाहीत. आग जमिनीवरून चालते, गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. पण सागाचं पान वाळलं की वळून त्याचा द्रोण होतो, आत हवा राहते, आणि ते कागदासारखं धडधडतं. बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, शिरली तर पेरं फुटायचा आवाज येतो, अगदी दिवाळीचा. पहिल्या वर्षी मी दचकून बसलोच होतो.

खरी भीती चढाची. उतारावर ज्वाला वरच्या बाजूला झुकते, पुढचा पाचोळा आधीच भाजून ठेवते. ढोबळ हिशेब असा की, चढ १० अंशांनी वाढला की वेग दुप्पट. आमच्याकडे एक जुने वनमजूर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना अंशबिंश माहीत नाहीत. ते एवढंच सांगतात, "साहेब, आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही." त्या दिवशी मी नेमका ओढ्याच्या वर, टेकडीच्या धारेवर उभा होतो. मामांनी शर्टाला धरून खाली ओढलं. साहेब म्हणत म्हणतच ओढलं.

मेसेज आला होता दुपारी. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाची सूचना थेट मोबाईलवर येते. पण तो उपग्रह ३७५ मीटरचा चौकोन बघतो आणि दुपारी दीडच्या सुमारास एकदा, रात्री तसाच एकदा जातो. चार वाजता पेटलेलं त्याला मध्यरात्रीनंतरच दिसणार. म्हणून मचाणावर माणूस लागतोच.

आम्ही नऊ जण होतो, दोन ब्लोअर, म्हणजे जोराची हवा सोडणारी पेट्रोलची यंत्रं. ब्लोअरवाला पुढे, तो पेटता पाचोळा जळालेल्या बाजूला ढकलतो. मागे दोघं हिरव्या डहाळ्या घेऊन, उरलेलं झोडपायला. पाणी फक्त प्यायला. टेकडीवर टँकर कुठून चढणार? तासाभरात एका ब्लोअरचं पेट्रोल संपलं. दुसरा डबा मीच जीपमध्ये विसरलो होतो. तेवढ्यात आगीनं बांबू धरला.

मग समोरासमोर झुंजायचं सोडलं आणि जाळरेषेवर मागे आलो. ही जाळरेषा म्हणजे हिवाळ्यात गवत कापून, जाळून केलेला मोकळा पट्टा. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, त्याआधी ती तयार लागते. जानेवारीत ते काम करताना कोणी फोटो काढायला येत नाही, पण आग थांबते ती तिथंच. आम्ही पट्ट्याच्या कडेनं उलटी आग लावली. आग विझवायला आग लावताना आजही हात थरथरतो. मोठी आग जवळ आली की हवा स्वतःकडे ओढते, त्या ओढीनं आपली छोटी आग तिच्याकडे सरकत जाते. मधला पाचोळा दोघींनी मिळून खाल्ला की पुढे काही उरत नाही. रात्री नऊला दोन्ही भेटल्या. ज्वाला एकदम उंच झाली आणि बसली.

इथं तू म्हणशील, विझली. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच डायरीत लिहून घरी जाऊन जेवलो होतो. सकाळी पाहतो तो आग पट्ट्याच्या पलीकडे. एक पोकळ धावडा आतून चिमणीसारखा जळत होता, त्याच्या तोंडातून ठिणग्या उडाल्या होत्या.

आणि शेजारच्या नागझिरा अभयारण्यातलं तुला आठवत असेल, ८ एप्रिल २०२१. दिवसभर राबून माणसांनी आग जवळपास आटोक्यात आणली होती आणि संध्याकाळी वारा उठला. तीन हंगामी मजूर गेले, दोघं गंभीर भाजले. तेव्हापासून "आटोक्यात" हा शब्द मामांसमोर कोणी उच्चारत नाही.

म्हणून ज्वाला बसल्यावर आमचं निम्मं काम सुरू होतं. कडेकडेनं फिरायचं. खोडं, बुंधे, गव्याचं वाळलेलं शेण, सगळ्यांवर उलटा हात धरून ऊब बघायची. धुमसतं ते आत, राखेच्या मधोमध ढकलायचं. आम्ही आळीपाळीनं तीन रात्री काढल्या. दुसऱ्या रात्री राखेच्या कडेला एक रातवा पक्षी बसलेला दिसला, टॉर्चमध्ये डोळे लाल. त्याची अंडी जमिनीवरच असतात. तो तिथं का बसला होता, ते मी मामांना विचारलं नाही.

पाऊस पडला की इथं कोवळं गवत येईल, सांबर येतील, आणि कोणीतरी म्हणेलच की जाळल्यानं जंगल चांगलं फुटतं. गवत फुटतं, पण सागाची, बिजाची बोटभर रोपं गेली, ती कोणाला दिसत नाहीत.

तर तुझ्या प्रश्नाबद्दल. ओढ्याच्या कडेला ऐनाचा एक मोठा ओंडका आहे. काल सकाळपर्यंत त्यातून धूर होता. आज हात लावला, गार लागला. डायरीत अजून काही लिहिलेलं नाही. उद्या दुपारच्या वाऱ्यात एकदा बघून येतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या